तळओळी

५ मार्च

रविवारच्या शब्दांच्या सदराचे संपादक यांस,

नमस्कार. कॉन्व्हेंटात वळण लागलं म्हणून हा शब्द लिहिते. मनातून आज आपण त्याला पात्र नाही.

गेल्या रविवारी आपण 'तळओळी' हा शब्द छापलात. अर्थ दिलात : 'विक्षिप्त, चक्रम, समोरच्याला न कळणारा (विनोद).' मूळ दिलंत : 'चष्म्याच्या एका दुकानमालकाच्या लहरी स्वभावावरून.' आणि वर धमकी, की हा शब्द याच स्वरूपात आपल्या येऊ घातलेल्या कोशात जाणार.

तो दुकानमालक म्हणजे माझे वडील. त्यांना विनोद तापात बरळतानासुद्धा सुचला नसता. तेव्हा आधी मूळ ऐका.

आमच्या दुकानात डोळे तपासायची पाटी होती, अजून आहे. वर थाळीएवढा 'क' आणि खाली उतरत उतरत मुंगीएवढी अक्षरं. एका वर्षी भिंतीला ओल आली आणि पाटीची सगळ्यात खालची ओळ गेली. बाबा आईला म्हणाले, तुझं अक्षर बारीक आहे, तूच काढ. काय काढायचं ते सांगितलं नाही. बायकोला सांगायचं काय, तिला कळतंच, असा त्यांचा खाक्या. आईने बारीक कुंचला घेतला आणि लिहिलं :

'इथपर्यंत वाचता आलं ना? मग आमचा वेळ का खाता? घरी जा.'

बाबांनी पाटी टांगली. वाचली नाही. स्वतःच्या दुकानातली पाटी कोण वाचतं? पहिलं गिऱ्हाईक हसलं. दुसरं हसलं. तिसरं हसत हसत घरीच गेलं. बाबांनी शर्टाची बटणं तपासली, आरशात तोंड पाहिलं, शेवटी भिंग घेऊन पाटीपुढे उभे राहिले. नंतर कितीतरी दिवस ते आईशी धड बोलले नाहीत. पण ओळ पुसली नाही, कारण धंद्यात त्यांचं डोकं चालायचं. अक्षरं वाचताना माणूस लबाडी करतो. अंदाजाने ठोकून देतो, आधीच्या माणसाचं ऐकून पाठ करतो. हसू मात्र आपसूक येतं. तेव्हापासून बाबा गिऱ्हाइकाला म्हणत, 'मोठ्याने वाचू नका. मनात वाचा.' आणि समोर बसून चेहरा बघत. हसला, तर डोळे चांगले.

म्हणून आमच्या घरी तळओळी विनोद म्हणजे खालच्या ओळीतला, बारीक अक्षरातला. करणारा हसत नाही, आणि ऐकणाऱ्याने नीट पाहिलं तरच तो दिसतो. 'न कळणारा' नव्हे. न पाहणाऱ्याला न कळणारा. हा फरक आपल्याला दिसत नसेल तर आमच्या दुकानात येऊन डोळे तपासून घ्या.

मूळ : माझी आई. दुरुस्ती करावी.

आपली,
निवृत्त सुपरवायझर, टेलिफोन एक्स्चेंज

ता. क. उत्तर पत्रानेच द्यावं. सगळी नोकरी कानाला यंत्र लावून केली. निवृत्तीच्या दिवशी घरचा फोन कपाटात ठेवला, तो तिथेच आहे.


११ मार्च

आदरणीय बाई,

आपलं पत्र कार्यालयात मोठ्याने वाचलं गेलं. मग हिशेबनीस रजेवरून परतले, त्यांच्यासाठी पुन्हा वाचलं गेलं. आपण रागावून लिहिता ते आम्हाला फार आवडलं, याचा कृपया राग मानू नये.

अडचण एवढीच, की हा शब्द आम्हाला आपल्या बंधूंनीच कळवला. मूळही त्यांनीच सांगितलं. आता एका घरातले दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात. पाटी अजून भिंतीवर आहे, तर बंधूंनी ती ओळ पाटीसमोर उभं राहून जशीच्या तशी उतरवून पाठवावी आणि ती कोणाच्या हातची हेही लिहावं. आठवणीतून सांगितलेली ओळ आम्ही घेत नाही. आठवण ही फार हौशी लेखिका आहे.

दुरुस्ती आम्ही आनंदाने छापू, ओळीसकट.

आपला नम्र,
संपादक


१४ मार्च

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद, पण मोजून मापून.

आईची ओळ तू बाबांच्या खात्यावर जमा केलीस? लहर आणि बाबांना? त्यांना शिंक यायची तीसुद्धा ठरल्या वेळी. संपादकाचं पत्र सोबत आहे. ते वाच, पाटीसमोर उभा राहा आणि खालची ओळ उतरवून काढ. समोर उभा राहून, असं ते म्हणताहेत. मीही म्हणते. माझं त्यात माझं कारण आहे.

कारण सांगूनच टाकते. गेल्या वर्षी मी आले होते तेव्हा तुझ्यासाठी दुकानात एक गोष्ट करून ठेवली. बरेच कष्ट घेतले. पाठ धरली, मान धरली. तू एका शब्दाने बोलशील म्हणून आधी आठवडाभर वाट पाहिली, मग महिनाभर, आता वर्ष लोटलं. हूं नाही की चूं नाही. तू इतका मख्ख कधीपासून झालास? की मी न विचारता केलं म्हणून रुसलास?

तेव्हा तर चांगला रंगात होतास. दुकानातल्या कोटाच्या खुंटीला 'या, बसा, लगेच बघतो' म्हणालास, तेही चेहऱ्यावरची रेषही न हलवता. मी आणि वहिनी हसून हसून दमलो. चहा कपाच्या शेजारी ओतलास आणि वर कपालाच दटावलंस, 'नीट उभा राहा.' अगदी आईचा मुलगा. असा तळओळी माणूस माझी एवढीशी गंमत पचवून ढेकर देत नाही, हे मला खटकतं. रात्री कूस बदलताना आठवतं. हसायला नको असेल तर शिवी तरी घाल.

उत्तर लगेच पाठव.

तुझी,
अक्का


२३ मार्च

प्रिय अक्का,

सा. न.

तुझं पत्र मिळालं. वाचायला वेळ लागला, कारण तुझं अक्षर हल्ली फार किरटं झालं आहे. वय झालं तुझं. मी बघ कसं ठसठशीत लिहितो.

संपादकांचं काम करून टाकलं. पाटीसमोर उभा राहिलो, ओळ उतरवली आणि थेट त्यांच्याकडे धाडली, म्हणजे टपालाचा एक हेलपाटा वाचला. तुझ्या माहितीसाठी पुन्हा लिहितो : 'इथपर्यंत वाचता आलं ना? मग आमचा वेळ का खाता? घरी जा.' काय म्हणावं आईला! आणि तिच्याच हातची म्हणून कळवलं आहे, आता तरी शांत हो. बाबांचं नाव मी उगाच घातलं नव्हतं. तीच म्हणायची, 'माझं नाव सांगू नकोस, लोक म्हणतील बाईने नवऱ्याचा धंदा बुडवला.'

तू केलेल्या गोष्टीबद्दल. मी रुसलो वगैरे नाही. पडदे छान झाले आहेत. निळा रंग दुकानाला शोभतो. बोलायचं राहून गेलं.

इथे काम वाढलं आहे. बसवाले, ट्रकवाले आणि आता इथली शाळासुद्धा आपले ड्रायव्हर डोळ्यांच्या दाखल्यासाठी माझ्याकडेच पाठवतात. म्हणतात, त्या म्हाताऱ्याला फसवता येत नाही. कसं येईल? मनात वाचा, हसलात तर पास. बाबांची रीत.

लोक मात्र दिवसेंदिवस चक्रम होत चालले आहेत. परवा एक बाई पाटी वाचून हसल्या आणि काउंटरवरून वाकून माझ्याच डोळ्यांत बघायला लागल्या. 'मग, तपासू का?' म्हणे. मी म्हटलं, 'तपासा की, फी तेवढी द्या.' त्या आणखीच हसल्या. काय ते मला कळलं नाही.

तुझा,
ठोंब्या


२८ मार्च

ठोंब्या,

पडदे वहिनीने शिवले. आणि ते हिरवे आहेत.

'पाटीसमोर उभा राहिलो' म्हणे. वा! मी काय केलं ते तुला पक्कं ठाऊक आहे आणि तू ते दिसलंच नाही असं दाखवतो आहेस, हे आता माझ्या ध्यानात आलं. म्हणजे माझ्या गंमतीवर तुझी गंमत. लहानपणी मी तुझा भोवरा लपवला होता तेव्हा तू तो शोधलाच नाहीस, उलट 'कुठला भोवरा?' असं विचारत फिरलास. शेवटी मलाच रडू कोसळलं. तीच तुझी जुनी खोड.

ठीक आहे. या वेळी मी रडणार नाही, आणि काय केलं तेही सांगणार नाही. बघू कोण आधी थकतं.

आणि अक्षर काय काढतोस रे? एका पानावर चार ओळी. कागदाची गिरणी काढलीस का? आणि त्याही अशा उतरलेल्या, जशा घसरगुंडीवर बसवल्या आहेत. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने तुझ्या बोटांवर पट्टी ओढली असती.

अक्का


१९ एप्रिल

प्रिय अक्का,

छापून आलं! आईचं श्रेय, आईची ओळ, सगळं. 'मूळ : दुकानमालकाच्या पत्नीने डोळे तपासण्याच्या पाटीवर रंगवलेल्या ओळीवरून.' आणि खाली चौकटीत ती ओळ, ठळक अक्षरात. तुझ्या वहिनीने कात्रण दुकानाच्या काचेला चिकटवलं आहे. रस्त्याने जाणारे थांबतात, वाचतात, आत येतात. ज्यांचे डोळे ठणठणीत आहेत तेही तपासून घेऊ म्हणतात. आईला हे बघायला मिळायला हवं होतं. तिने एका ओळीत जेवढं सांगितलं तेवढं बाबांना आयुष्यभर वह्या भरूनही जमलं नसतं.

तुझा राग गेला का? तुझ्या पत्रावरून मला वाटलं नाही. काय लपवलं आहेस ते मी खरंच शोधलं. कपाटामागे हात घालून पाहिलं, गल्ल्याखाली पाहिलं. एक जुना चमचा सापडला. तो आहे का?

एक गंमत सांगतो, म्हणजे हसशील. काल शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला होता. भला माणूस, आवाजावरून पन्नाशीचा. दाखल्याची मुदत संपली म्हणून धास्तावलेला, खुर्चीत सारखा चुळबुळत होता. मी म्हटलं, 'बसा निवांत. वाचा. मनात.' तर पठ्ठ्याने खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता, आईची अख्खी ओळ म्हणून दाखवली : 'इथपर्यंत वाचता आलं ना? मग आमचा वेळ का खाता? घरी जा.' आणि असा हसला की खुर्ची करकरली. मी म्हटलं, 'अहो, तुमच्यासारखे डोळे मला मिळाले असते तर!' दाखल्यावर तिथल्या तिथे सही केली. सोमवारपासून तो बसवर. बिचारा जाताना माझे हात हातात घेऊन उभा राहिला, सोडेचना.

आईची ओळ पोटापाण्याला लागली बघ, अक्का.

तुझा,
ठोंब्या


२२ एप्रिल

ठोंब्या,

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत तुला फोन आलेला असेल, शाळेकडून. तो माझ्यामुळे. आधी ते ऐक.

तुझं पत्र दुपारी आलं. चहा ठेवला होता तो करपला, पातेलं काळं झालं, मी तशीच उभी. मग कपाटातून फोन काढला. धूळ पुसली नाही. शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'आपण कोण?' मी म्हटलं, 'चष्मेवाल्याची बहीण. तुमच्या ज्या ड्रायव्हरला नुकताच दाखला मिळाला त्याला बसवर बसू देऊ नका. त्याचे डोळे दुसरीकडे तपासा.' त्या म्हणाल्या, 'पण दाखला तर तुमच्या भावानेच दिला आहे.' मी म्हटलं, 'म्हणूनच सांगते. कारण तो स्वतः येऊन सांगेल.' त्यांनी मला वेडी ठरवलं असेल. ठरवू दे. तपासणी होईपर्यंत त्याला बसवरून उतरवते म्हणाल्या. बस आज थांबली, एवढं मला पुरे.

आता कारण.

पाटीवर ती ओळ नाही, ठोंब्या. वर्षभर नाही. मी पुसली. तू बँकेत गेला होतास, वहिनी मागे मशीनवर बसली होती. मी भिंग आणि कुंचला घेऊन स्टुलावर चढले आणि आईच्याच वळणात दुसरी ओळ लिहिली. सिस्टरने बारीक अक्षर काढायला शिकवलं ते एवढ्याच कामाला आलं. तू खुंटीला 'या, बसा' म्हणाला होतास ना, त्यावरून सुचलं. मी लिहिलं :

'आता जरा दुकानदाराचेही डोळे तपासा.'

ड्रायव्हरने जे म्हणून दाखवलं ते पाटीवर नव्हतंच. ते तुझ्या काचेवरच्या कात्रणात होतं, किंवा पेपरात, किंवा कोणीतरी त्याला शिकवलं. त्याला पाटी दिसत नाही. आणि तू त्याच्या समोर बसला होतास, पाटी तुझ्या पाठीमागे नव्हती, शेजारच्या भिंतीवर होती, आणि तुलाही दिसत नाही.

कधीपासून, रे?

मी एक एक आठवत बसले आहे. कपाच्या शेजारचा चहा. निळे पडदे. 'आवाजावरून पन्नाशीचा.' माझं किरटं अक्षर! माझं अक्षर होतं तसंच आहे, गाढवा. आणि ती खुंटी. आम्ही दोघी पोट धरून हसलो आणि तू आम्हाला हसू दिलंस. तुला तिथे खरंच कोणीतरी उभं आहे असं वाटलं होतं ना?

मी आयुष्यभर दुसऱ्याचा श्वास ऐकून सांगत आले की माणूस खोटं बोलतोय. सख्ख्या भावाचं मला कळलं नाही, कारण तो गमत्या आहे अशी मी समजूत करून घेतली होती.

शाळेत मी तुझ्या डोळ्यांबद्दल बोललेले नाही. ते तू सांगायचं आहेस. आणि वर्षभरात ज्यांना ज्यांना पास केलंस त्यांनाही. ट्रकवाल्यांना, बसवाल्यांना. राग आला तर माझ्यावर काढ, पण आधी जा.

अक्का


६ मे

ठोंब्या,

उत्तर नाही. फोन करते तर वाजून वाजून बंद होतो. हा तुझ्या दुकानाचा नंबर मी मनगटाला गाठ मारल्यासारखा पाठ केला आहे, चुकायची शक्यता नाही. वहिनीही उचलत नाही.

मी काही चुकीचं केलं नाही. हे तुला सांगते आहे की मला, ते विचारू नकोस. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते. शेजारीण म्हणाली, 'काय हरवलंय का?' मी तिला हाकललं.

एक ओळ तरी लिही. हवी तेवढी मोठी लिही. मी काही बोलणार नाही.

अक्का


१७ मे

प्रिय अक्का,

सा. न.

हे पत्र मी सांगतो आहे आणि बायको लिहिते आहे. तिने मध्ये स्वतःचं काही घालू नये असं ठरलं आहे.

(वन्सं, असं काहीही ठरलेलं नाही.)

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते भिंगाखाली, कडेकडेने, कसंबसं वाचलं आणि खिशात घालून दिवसभर हिंडलो. तुझा फार राग आला. चोरून पाटी बदलतेस, चोरून शाळेत सांगतेस. आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांच्या बोलण्यात बोट घातलंस, ती सवय गेली नाही, असं बरंच काही मनात आलं.

(मनात नाही. मोठ्याने. भांडी आपटून.)

संध्याकाळी पाटीसमोर गेलो. खरोखर समोर, नाक लावून. मला मधे एक राखाडी ठिपका दिसतो, अक्का. जिकडे बघावं तिकडे तो आधी जाऊन बसतो. कडेकडेचं दिसतं. दाराची चौकट दिसते, माणूस आत आला ते दिसतं, तोंड दिसत नाही. तीन वर्षं झाली असतील. सुरुवातीला भिंगाने निभायचं. मग पाठांतराने. पाटी मला झोपेतही म्हणता येते, म्हणून मी वाचतच होतो असं मलाही वाटायचं. आणि गिऱ्हाईक हसायचं. वर्षभर लोक हसले, मला वाटायचं आईला हसताहेत.

खुंटीचं खरं आहे. कोणीतरी उंच माणूस आला असं वाटलं. तुम्ही दोघी हसलात, तेव्हा चूक झाली हे कळलं आणि पाठोपाठ हेही कळलं, की हसताहेत तोवर ठीक आहे. विक्षिप्त म्हटलेलं परवडतं. आंधळा चष्मेवाला कोणाला परवडतो?

मग मी हिला हाक मारली. म्हटलं, 'खालची ओळ वाच.' हिने शिवणाचा चष्मा लावला आणि न अडखळता वाचली. तुझीच ओळ. मी म्हटलं, 'तुला माहीत होतं?'

(वन्सं, हे मी माझ्या शब्दांत लिहिते. मी ती ओळ वर्षापूर्वीच वाचली होती, पाटी पुसताना. मला वाटलं, ह्यांनीच लिहवून घेतली. तोंडाने सांगवत नाही म्हणून पाटीवर लिहिलं, असं वाटलं. ह्यांच्या घराण्यात सगळं असंच बारीक अक्षरात सांगतात ना. म्हणून मीही काही बोलले नाही. ह्यांची वाट अडणार नाही अशा बेताने खुर्च्या ठेवू लागले, चहा मीच ओतू लागले. मला वाटायचं, आम्हा दोघांना माहीत आहे आणि आम्ही दोघं बोलत नाही. प्रत्यक्षात ती ओळ एकट्या मलाच माहीत होती.)

शाळेत गेलो. हिला घेऊन. मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं, त्या उठून उभ्याच राहिल्या. ड्रायव्हरला दुसरीकडे तपासलं, त्याला चौथ्या ओळीच्या खाली काही दिसत नाही. तो दुकानात आला. मला वाटलं, मारणार. तो पाटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, 'खाली काय लिहिलंय तरी काय?' मी म्हटलं, 'मलाही दिसत नाही हो.' मग हिने आम्हा दोघांना वाचून दाखवलं. तो हसला नाही. स्टुलावर बसून म्हणाला, 'मुलं चढताना रोज मला नमस्कार करायची.' मग म्हणाला, 'बरं झालं.' आणि थोड्या वेळाने पुन्हा, 'बरं झालं.' त्याला मोतीबिंदू आहे. काढला की दिसेल, असं डॉक्टर म्हणतात. माझं तसं नाही.

बाकीच्यांना हिने पत्रं घातली, यायला लागले आहेत. काही शिव्या देतात. द्याव्यात. दाखले द्यायचं बंद केलं. फ्रेमा नीट करतो, ते बोटांना दिसतं.

फोन मुद्दाम उचलला नाही. तूच असणार हे माहीत होतं, आणि तुला माझा श्वास ऐकू गेला असता.

आता एवढंच, की ती ओळ पुस. नाहीतर राहू दे. नाहीतर ये आणि दुसरी लिही. काय लिहायचं ते सांगत नाही. तुला कळतंच.

तुझा,
ठोंब्या

(वन्सं, लवकर या. पडदे खरंच निळे असावेत असं आता मला वाटायला लागलं आहे. दिवसातून चारदा 'निळेच ना?' असं विचारतात.)


३ जून

संपादक महाशय,

या वेळचा नमस्कार मनापासून.

'तळओळी' या शब्दात आणखी दोन दुरुस्त्या करायच्या आहेत. कोश छापायला गेला असेल तर थांबवा. बस थांबवता येते, कोश काय चीज आहे.

एक, चौकटीतली ओळ काढून टाका. ती छापून आल्यावर काय झालं ते सविस्तर कधीतरी सांगीन. तूर्त एवढं समजा, की काही विनोद पाठ करून म्हणायचे नसतात. तिथे जाऊन, डोळे ताणून वाचायचे असतात.

दोन, अर्थ. मी मागे तुमच्यावर तोंड टाकलं ते अर्धं मागे घेते. 'न पाहणाऱ्याला न कळणारा' असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. त्यात मीही येते, हे तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा 'न कळणारा' हा आपला अर्थही शेजारी परत घाला. मूळ मात्र तेच राहू द्या. माझी आई.

मी गेल्या आठवड्यात भावाकडे जाऊन आले. पाटीवर नवी ओळ लिहिली. भाऊ तेव्हा घरी नव्हता. डॉक्टरकडे होता, त्याच्या बायकोबरोबर. किल्ली शेजाऱ्यांकडे असते. मी कोणाला काही न सांगता परतीची गाडी पकडली, कारण समोर उभी राहिले असते तर आम्ही दोघंही काहीबाही बोललो असतो. ओळ काय आहे ते आपण विचाराल. ती छापायची नाही. घरी पोचल्यावर मी त्याला फोन लावला आणि ती वाचून दाखवली.

पलीकडून काहीच ऐकू येईना. पण तुटलेल्या लाइनीची शांतता वेगळी आणि माणूस कानाने वाचत असतो ती वेगळी. एवढं मला कळतं. मी फोन कानाशी धरून ठेवला.

मग तो हसला.

आपली,
सुपरवायझर